दामोदरचा दुसरा स्पेल

आई, काल दामोदरला सहाव्या इनिंगमध्ये काढला.

तुम्ही असता तर रिमोट सोफ्यावर आपटला असता, त्या मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला असता, "तुला तं बरंच वाटून राहिलं असेल." मला बरं वाटलं नाही. तीन उन्हाळे आपण एकत्र बेसबॉल बघितला, पण दामोदरला काढल्याचं मला काल पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि नेमक्या तुम्ही ते बघायला नव्हता. तीन वर्षं सुनेशी हिरिरीने वाद घालायचा आणि सून मान्य करायच्या बेताला आली की उठून जायचं, ही कुठली रीत?

तुम्ही गेल्यावर भेटायला येणारे लोक तुमच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलून गेले. शांत होत्या, सोशिक होत्या, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी चहाचे कप गोळा करत ऐकत होते. मनात म्हटलं, हे कोणाबद्दल चाललंय? मी ज्या बाईबरोबर राहिले ती भर दुपारी वरणभाताचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीतल्या अंपायरला "आंधळा आहे का बे?" असं विचारायची. मिलिंदची मीटिंग चालू असेल तर तो वरच्या मजल्यावरून धावत येऊन हॉलचं दार लावून जायचा. इतकी वर्षं ज्या आईला त्याने मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, ती त्याच्या टीमला हेडफोनमधून ऐकू जायला लागली होती.

सोशिक आई मीही पाहिल्या होत्या म्हणा. बाबा गेल्यावर तुम्ही नागपूरचं घर बंद करून इथे अमेरिकेत, डब्लिनला आलात, ते पहिले काही महिने. आपण दोघी दिवसभर घरात. मी बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर, तुम्ही वर खिडकीशी, तळ्यावरची बदकं बघत. दुपारी मी वर यायचे, आपण समोरासमोर बसून जेवायचो. तुम्ही विचारायच्या, काम झालं का. मी म्हणायचे, होतंय. मी विचारायचे, आमटी बरी झालीये का. तुम्ही म्हणायच्या, छान आहे. ती छान नसायची हे तुमच्या पहिल्या घासालाच कळायचं, कारण माझ्या आमटीत गूळ आणि तुमच्या माहेरी-सासरी गूळ फक्त पुरणात. आपण एकमेकींशी इतक्या चांगल्या वागत होतो की घरात श्वास घ्यायला जागा उरली नव्हती.

मग माझ्या लेकीच्या, ईराच्या शाळेत सॉफ्टबॉल सुरू झाला आणि तिला सराव म्हणून टीव्हीवर बेसबॉलची मॅच लावायची सवय लागली. ती लावायची आणि फोनमध्ये डोकं घालून बसायची. बघायच्या तुम्ही. एक दिवस मी पाणी प्यायला वर आले तर तुम्ही विचारलंत, "यात टप्पाच नाही. मग बॉल वळते कसा?" लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी खाली बसले. त्या दिवशी ऑफिसचा एक कॉल मी चुकवला.

तुम्हाला बोलिंगचं काय एवढं, ते त्या दिवशी कळलं. तीन भाऊ, एक बॅट, आणि तुम्ही शेंडेफळ. अंगणात रोज खेळ व्हायचा, भाऊ पाळीपाळीने बॅटिंग करायचे आणि तुम्ही बोलिंग. बॅट तुमच्या हातात कधी आलीच नाही. तुम्ही हे रडगाणं म्हणून सांगितलं नाहीत, उलट मिटक्या मारत सांगितलंत, की मग मी त्यांना आउट कसं करायचं ते शिकली. तिघांनाही. थोरल्याला पुढे टाकायचा, तो चिडून बाहेर यायचा. मधल्याला काहीच करायचं नाही, नुसतं थांबायचं, तो आपोआप चुकायचा. आणि आता म्हातारपणी तुम्हाला असा खेळ सापडला होता, ज्यात बोलर बॅटला हात लावत नाही आणि मैदानाच्या मधोमध, मातीच्या उंचवट्यावर, सगळ्यांच्या वर उभा असतो. पिचर हा शब्द तुम्ही शेवटपर्यंत वापरला नाहीत. बोलरच म्हणालात.

सिनसिनाटीला पहिली मॅच बघायला गेलो तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. तुम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. स्टेडियमवर पारदर्शक पिशवीच लागते म्हणून त्या सगळ्या झिपलॉकमध्ये भरल्या आणि गेटवरच्या माणसाने त्या उचलून उजेडात धरून पाहिल्या. तुम्ही त्याला एक खाऊन बघ म्हणून खूण केलीत. आत गेलो, नदीकडून वारा येत होता, आणि पाहुण्या टीमचा तो उंच, सडपातळ, डावखुरा माणूस बोलिंगला आला. खांदे पाडून चालायचा. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसला तशा तुम्ही माझ्या मांडीवर थाप मारलीत. "अगं, हा तं आमच्या बँकेतला दामोदर."

त्याचं खरं नाव आपल्याला नीट उच्चारता येत नव्हतंच. बँकेतल्या दामोदरसमोर कितीही मोठी रांग असली तरी तो म्हणे घाई करायचा नाही आणि त्याचं काम सगळ्यांत आधी संपायचं. हाही तसाच. समोरचे धिप्पाड बॅटर जोरात बॅट फिरवत होते आणि चेंडू त्यांच्या बॅटला कुठेतरी खालून लागून मरगळल्यासारखा घरंगळत होता. तुम्ही प्रत्येक विकेटला पुरी खात होता. आणि मग सातव्या इनिंगमध्ये, एवढं सुरेख चाललेलं असताना, मॅनेजर चालत आला, त्याने हात पुढे केला, दामोदरने त्याच्या हातात चेंडू ठेवला आणि तो निघून गेला.

तुम्ही अजिबात चिडला नाहीत. तुम्ही निश्चिंत होता. मला म्हणालात, कप्तान हुशार आहे, शेवटच्या ओव्हरींसाठी ठेवून राहिला त्याला. मीही मान डोलावली. पुणं असो की नागपूर, आपलं सगळं शिक्षण क्रिकेटचं. चांगल्या बोलरला कोणी फुकट काढतं का? जरा दम खाऊ दे, दुसऱ्या स्पेलला येईलच. मिलिंदला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला फक्त पार्किंगमधल्या गर्दीची काळजी. तो म्हणत होता निघू या, आणि आपण दोघी त्याला दटावत होतो. नवे नवे बोलर येत होते, दामोदर काही येईना. मॅच संपली. लोक उठले. तुम्ही म्हणालात, थांबा जरा. अख्खा स्टँड रिकामा झाला, माणसं पाइप घेऊन मातीवर पाणी मारायला लागली, तरी आपण चौघं बसलेलो. शेवटी ईराने फोनमधून डोकं वर काढून विचारलं, व्हॉट आर वी वेटिंग फॉर? आणि मी सांगितल्यावर ती आपल्या दोघींकडे बघतच राहिली.

"आजी, ही कान्ट कम बॅक. वन्स ही इज आउट, ही इज आउट. दॅट्स द रूल."

परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता झाला होता. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मावळतीचं ऊन. मग तुम्ही मागच्या सीटवरून हळूच म्हणालात, "हा काय नियम झाला? चांगला माणूस एकदा उठला म्हंजे संपला?" मी ड्राइव्ह करत होते. नियम आहे आई, असं काहीतरी म्हणाले. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, हे मला घरी पोचल्यावर, पुऱ्यांची रिकामी पिशवी धुताना लक्षात आलं.

पण त्या दिवसापासून तुम्ही दामोदरच्या झालात. आणि तुम्ही दामोदरच्या झाल्यावर मला कोणाचं तरी होणं भागच होतं. मी पैलवान निवडला. पैलवान हे नावही तुम्हीच ठेवलंत, त्याची मान बघून. माझा पैलवान उजव्या हाताने आग ओकायचा. त्याचा चेंडू दिसायचाच नाही, बॅटर बॅट फिरवायचा तेव्हा तो कीपरच्या ग्लव्हात जाऊन पडलेला असायचा. सध्याच्या घडीला त्याच्याइतका चांगला पिचर जगात नाही, हे मी लॅपटॉपवर सिद्ध करून दाखवू शकत होते आणि वारंवार दाखवत होते. डेटाचंच काम करते मी. तुम्ही माझे आलेख चष्मा लावून नीट बघायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, सगळं खरं असेल, पण यात त्याचा खांदा कुठे दिसून राहिला? पैलवान बॅटरला हरवतो, दामोदर बॅटरला स्वतःच्याच हाताने हरायला लावतो, असा तुमचा सिद्धांत. मी म्हणायचे, ही पळवाट आहे. तुम्ही म्हणायच्या, तुमच्या पुण्यात अक्कल दिसली की तिला पळवाटच म्हणतात.

दोघेही साधारण दर पाच दिवसांनी बोलिंगला यायचे, म्हणून आपल्या घरात आठवड्याच्या वारांशिवाय आणखी दोन वार सुरू झाले. दामोदरवार आणि पैलवानवार. रात्रीची मॅच आपण दुसऱ्या दिवशी जेवताना बघायची, आणि तोवर निकाल कोणी बघायचा नाही. ईराने चुकून सांगितला तर तिला त्या दिवशी भांडी. आणि पैज ठरलेली. जिचा माणूस हरेल तिने दुसरीच्या हातची आमटी तोंड वाकडं न करता खायची. पैलवान हरला की तुम्ही लाल तिखटाची अशी काही फोडणी द्यायच्या, की दुपारच्या मीटिंगमध्ये माझा आवाज बसलेला ऐकून ऑफिसात चौकशी व्हायची. दामोदर हरला की मी गुळाचा खडा जरा मोठाच टाकायचे. तुम्ही ती आमटी औषधासारखी प्यायच्या, पण प्यायच्या. शब्दाला पक्क्या.

मंडळाच्या गणपतीत काय झालं होतं ते आठवतं? प्रसादाच्या रांगेत आपली जुंपली. तुम्ही म्हणत होता, दामोदरला लोक उगाच म्हातारा समजतात. मी म्हणत होते, आई, दामोदरचं आता काही खरं नाही, दोन वर्षांत त्याला घरी बसवतील. मागच्या काकू सगळं ऐकत होत्या. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं, हात हातात घेतला आणि सांगितलं, की त्यांच्याही दिरांचं असंच झालं होतं, तेव्हा नागपूरच्या घराची वाटणी वेळीच करून घे. मी हो म्हटलं. गाडीत तुम्हाला सांगितलं तर तुम्ही इतक्या हसलात की मिलिंदने गाडी कडेला घेतली. त्यानंतर त्या काकू भेटल्या की तुम्ही गंभीर चेहऱ्याने त्यांना दामोदरची खुशाली सांगायच्या. यंदा प्रकृती बरी आहे म्हणायच्या, फक्त खांदा जरा दुखून राहिला. काकू परवा भेटायला आल्या तेव्हा जाताना मला दाराशी विचारून गेल्या, "दामोदरभावजींना कळवलंत ना?" मी म्हणाले, कळवलं. तुम्ही गेल्यापासून मी पहिल्यांदा तेव्हा हसले, आणि दार लावून तिथेच जिन्यावर बसून रडले.

हॉस्पिटलचं फार आठवायचं नाही असं मी ठरवलंय. वसंतात तुमच्या पोटातलं दुखणं सापडलं, केमो झाली, केस गेले, उन्हाळ्यात तुम्हाला बरं वाटलं. तुम्ही बेसबॉलची टोपी घालायला लागलात आणि ती नऊवारीवरसुद्धा शोभली असती असं ईराचं मत होतं. केमोच्या खुर्चीसमोर टीव्ही होता. नर्सना तुम्ही दामोदरचा पक्ष घ्यायला लावला होतात. मला वाटलं, जिंकलो.

ऑगस्टमध्ये ते परत आलं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तुमच्यासमोर ओढून घेतली आणि सावकाश, ईराला नीट मराठीत सांगता येईल अशा बेताने सांगितलं. अजून एक औषध आहे. त्याने फरक पडेल, न पडेल. त्रास मात्र पहिल्यापेक्षा जास्त होईल. नको असेल तर घरी राहता येईल, दुखू नये एवढी काळजी आम्ही घरी येऊन घेऊ. काहीही निवडलंत तरी चूक नाही. ईराने आजीला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मिलिंद म्हणाला, आई, तू म्हणशील तसं. माझं तर ठरलेलंच होतं. औषध घ्यायचं. आहे ना अजून एक औषध? मग दुसरा स्पेल टाकायचा.

त्या रविवारी दुपारी पैलवानची मॅच होती. तुम्ही आरामखुर्चीत, अंगावर शाल, बाहेर कडक ऊन. पैलवान थकला होता, हे मलाही दिसत होतं. चेंडू वर राहत होते. मॅनेजर आला, त्याने हात पुढे केला, आणि पैलवानने मान हलवली. नाही देत. दोघं काहीतरी बोलले आणि मॅनेजर चक्क परत फिरला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, आणि मीही. मी तुमच्याकडे बघून म्हणाले, याला म्हणतात बेस्ट, आई. बेस्ट माणूस सोडत नाही.

पुढच्याच बॅटरने तो चेंडू स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर टोलवला. मॅनेजर परत आला. पैलवानने चेंडू त्याच्या हातावर आपटला आणि आत जाऊन पाण्याच्या पिंपाला लाथ घातली.

तुम्ही हसला नाहीत. एरवी मला दिवसभर छळलं असतंत. तुम्ही टीव्हीचा आवाज कमी केलात.

"तुझा पैलवान चांगला आहे. पण त्याला चेंडू देता येत नाही. दामोदर कसा देते पाहिलं नं तू? हातात ठेवते नीट. मग सरळ चालत जाते."

"दामोदरला दर वेळी लवकर काढतात, म्हणून त्याला सवय झालीये," मी म्हणाले.

"मी उद्या डॉक्टरला नको म्हणून सांगते. मिलिंदला तू समजाव."

मी म्हणाले, एक औषध बाकी असताना सोडून द्यायचं का? माझा आवाज चढला होता. तुमचा नाही चढला.

"मी सोडून नाही राहिली. देऊन राहिली."

मग मी काय केलं, आई? मी लॅपटॉप उघडला. पैलवानचे या मोसमातले आकडे काढले आणि तुम्हाला वाचून दाखवायला लागले. किती जणांना बाद केलं, चेंडूचा वेग काय, दामोदरपेक्षा तो कशाकशात सरस. तुम्ही शाल सारखी करत सगळं शेवटपर्यंत ऐकलंत. एकदाही अडवलं नाहीत. मी थांबल्यावर विचारलंत, झालं? मी म्हणाले, झालं. तुम्ही म्हणालात, मग थोडे पोहे टाक, सकाळपासून तोंडाला चव नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला. कांद्याचे उपकार कोणी मानत नाही, मी त्या दिवशी मानले.

त्यानंतरचे आठवडे वाईट होते असं लोकांना वाटतं. वाईट होतेच, पण नुसते वाईट नव्हते. हॉस्पिटलकडून आलेला पलंग खाली टीव्हीसमोर लावला. नर्स यायची, दुखल्यावर द्यायच्या औषधाची बाटली दाखवून जायची. मिलिंद तुमच्या पायाशी बसून कामाचे कॉल घ्यायचा, आणि एका दामोदरवारी त्याने म्यूट काढून ठेवलाय हे विसरून "अरे, काढतायत काहून त्याला?" असं जन्मात पहिल्यांदा मॅचवर ओरडला. तुम्ही डोळे मिटून होता. तुमच्या तोंडावर हसू आलं. माझा मुलगा वाया नाही गेला, असं म्हणालात.

एक दिवस तुम्ही आमटी मागितलीत. गुळाची. मी गोंधळले, कारण दामोदर हरला नव्हता, उलट आदल्या दिवशी जिंकला होता. मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, असू दे, कर. दोन चमचे खाल्लेत. "बरी लागते," म्हणालात. इतक्या वर्षांनी बरी लागली, आई. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आणखीही बरंच राहिलं. तुम्ही येण्याआधी मी या घरात दुपारी एकटीच उभ्याने जेवायचे, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

आणि ती शेवटची दुपार. तुमचा आवाज अगदी खोल गेला होता, मला कान जवळ न्यावा लागला. तुम्ही विचारलंत, "सांग आता. कोण बेस्ट?"

मला ठाऊक होतं उत्तर. पाण्याच्या पिंपाला लाथ बसली त्या दिवसापासूनच ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी असतं तर म्हणालं असतं, आई, तुमचाच दामोदर. मरणाऱ्या माणसाचं मन राखायचं, त्यात काय जातं? पण मी दामोदर म्हटलं असतं तर आपला वाद संपला असता. आणि वाद संपला की तुमच्याकडे थांबायला काय उरलं असतं? मी तुमचा हात धरून म्हणाले, "पैलवान."

तुमचे ओठ हलले. "पुण्याची ती पुण्याचीच." एवढंच. तुम्ही बोटांनी माझा हात उलटा करून तळहात वर केलात आणि त्यावर तुमची मूठ ठेवलीत. मुठीत काही नव्हतं. तुम्ही ती माझ्या हातात उघडलीत आणि डोळे मिटलेत. मला तेव्हा वाटलं, ग्लानीत आहात.

तर काल दामोदरची मॅच होती. दुपारची, प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची. मी ऑफिसात सांगून सुट्टी घेतली. पलंग परत गेलाय, त्याच्या पायांचे खड्डे कार्पेटवर अजून आहेत, मी तिथे व्हॅक्यूम फिरवत नाही. तुमची आरामखुर्ची रिकामी ठेवून मी सोफ्यावर बसले. आमटी केली होती, तुमच्या पद्धतीची, कोण हरेल याची वाट न बघता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिखटाने होतं की कशाने याचा हिशोब ठेवला नाही.

त्याने छान टाकलं, आई. वेग कमी झालाय, पण त्यांना वाकवलं त्याने. सहाव्या इनिंगमध्ये मॅनेजर आला. हात पुढे केला. दामोदरने चेंडू एकदा बोटांत फिरवला, त्याच्या तळहातावर ठेवला, वरून थोपटल्यासारखं केलं, आणि सरळ चालत निघाला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही उभी राहिले, हातात ताट घेऊन.

ईरा शाळेतून आली तेव्हा आठवी इनिंग चालू होती. तिने बॅग टाकली, खुर्चीकडे बघितलं, माझ्याशेजारी बसली. मग विचारलं, "सो हू इज द बेस्ट, मॉम? रिअली."

"दामोदर," मी म्हणाले. पहिल्यांदा. मोठ्याने.

तिने माझ्या ताटातली आमटी बोटाने चाखली आणि पाणी आणायला पळाली. मॅच संपली. लोक उठून गेले, पडद्यावर नुसतं मैदान होतं, माणसं मातीवर पाणी मारत होती. ईरा परत आली, तिने रिमोट उचलला आणि माझ्याकडे बघून खाली ठेवला. "मॉम, ही इज नॉट कमिंग बॅक," ती हळूच म्हणाली.

माहीत आहे, आई. नियम मला माहीत आहे. तरी थोडा वेळ बसते.